स्फोर्झाचा टेस्टोन घ्यावा की ट्रॉनचा लिरा?

इटलीच्या रेनेसाँसमधलं एकच चांदीचं नाणं संग्रहात घ्यायचं, आणि त्यावर राज्यकर्त्याचा खराखुरा चेहरा हवा, असं ठरवलं असेल तर ही दोन नावं हमखास समोर येतात.

मिलानचा ड्यूक गालेआत्झो मारिया स्फोर्झा याने 1474 च्या सुमारास टेस्टोन पाडला. वजन साडेनऊ ग्रॅमच्या वर, हातात भरणारं नाणं. ठसा खोल. मोठं नाक, मानेवर रुळणारे केस आणि चेहऱ्यावर मग्रुरी. ती लपवायचा प्रयत्नही नाही. मागच्या बाजूला घराण्याचं शिरस्त्राण आणि पाण्याच्या बादल्या लटकवलेली जळती लाकडं. माणूस शौकीन होता, संगीताचा भोक्ता होता आणि क्रूरही होता. 26 डिसेंबर 1476 ला मिलानमधल्या सान्तो स्तेफानो चर्चमध्ये त्याच्याच दरबारातल्या मंडळींनी त्याला भोसकून मारलं.

व्हेनिसचा लिरा त्याच्या दोन वर्षं आधीचा, 1472 चा. वजन सुमारे साडेसहा ग्रॅम. तोवर लिरा हा फक्त हिशेबातला आकडा होता, वीस सोल्दींचा (सोल्दी म्हणजे तिथली लहान नाणी). व्हेनिसचा डोजे, म्हणजे राज्याचा प्रमुख, निकोलो ट्रॉन याच्या कारकिर्दीत तो प्रत्यक्ष नाणं झाला. त्यावर दाढीवाला वृद्ध ट्रॉन आहे. नेग्रोपोंते या ग्रीक बेटावरच्या लढाईत तुर्कांकडून मुलगा मारला गेला, त्या दुःखात त्याने दाढी राखली असं सांगतात. पण खरी गंमत पुढे आहे. व्हेनिस हे प्रजासत्ताक. डोजे निवडून आलेला, राजा नव्हे. नाण्यावर त्याचा चेहरा म्हणजे राजेशाहीची चाहूल, असं तिथल्या सरदारांना वाटलं. 1473 ला ट्रॉन गेला आणि पुढच्या डोजेंना नाण्यावर असं चित्र घालायची बंदी झाली. नाण्यावर त्यांनी व्हेनिसचा रक्षक संत मार्क याच्यापुढे गुडघे टेकलेले दिसायचे.

बाजारात टेस्टोन तुलनेने सहज मिळतो, त्यामुळे चार-पाच नमुने पाहून निवडता येतो. लिरा पातळ असल्याने चेहरा लवकर झिजतो, आणि दाढीच गेली तर मग उरलं काय? दोन्हींत कडा कातरलेली आहे का, दागिन्यासाठी लावलेली कडी काढून भोक बुजवलंय का आणि नक्षी नव्याने कोरलीय का, हे भिंगाखाली पाहा, वजनही करा. इटलीतून मागवत असाल तर निर्यात परवान्याचे कागद आधी मागा.

माझं मत विचाराल तर पहिल्या खरेदीला टेस्टोन. लिरा मात्र चेहरा शाबूत असलेला, कागदपत्रांसह मिळत असेल, तर मी स्फोर्झाला थांबायला सांगेन.