आठवीत नव्यानं येणाऱ्या लेकरांची सोय: तालुक्याच्या एका हायस्कूलबद्दल पालकाचा अभिप्राय

आमच्या गावची जिल्हा परिषदेची शाळा सातवीपर्यंत. आठवीला तालुक्याला जावंच लागतं. माझी पिठाची गिरणी आहे. निकाल लागले की दळण घेऊन येणारे आईबाप मला हटकून विचारतात, "पोरीला कोणत्या हायस्कूलला घातलं? रुळली का तिथं?" लेक आता नववीत गेली आहे, म्हणजे तिचं आठवीचं पूर्ण वर्ष आम्ही पाहिलं. म्हणून एकदाच सविस्तर लिहितो. परभणी जिल्ह्यातली ही अनुदानित शाळा आहे. नाव लिहीत नाही, कारण उणिवाही सांगणार आहे आणि लेकरू अजून तिथंच शिकतंय. आमच्या भागातल्यांना ओळखू येईलच. बाकीच्यांनी आपापल्या शाळेत हेच प्रश्न विचारावेत, एवढ्यासाठी हा खटाटोप.

इमारत, निकालाची टक्केवारी, स्नेहसंमेलन यांवर मी लिहिणार नाही. मला सांगायचंय ते एवढंच, की चौदा-पंधरा मुलांच्या वर्गातून आलेलं तेरा वर्षांचं लेकरू साठ-पासष्टच्या तुकडीत जाऊन बसतं, तेव्हा ही शाळा त्याच्यासाठी काय करते. या बाबतीत मी पाचपैकी चार गुण देईन. मुलींसाठी साडेचार, मुलांसाठी तीन. असा फरक का, ते पुढे येईल.

शाळा उघडायच्या आधीच्या शनिवारी आठवीला नाव घातलेल्या सगळ्यांना पालकांसह बोलावतात. हारतुरे नाहीत, पाहुणे नाहीत, भाषण नाही. मुख्याध्यापक दोन मिनिटं बोलले आणि लेकरं नववीतल्या पोरापोरींच्या ताब्यात दिली. याला ते 'सोबती' म्हणतात. सोबती निवडण्यात शाळेनं डोकं लावलंय: हुशारीवर किंवा मार्कांवर निवडत नाहीत, गाडीच्या मार्गावर निवडतात. ज्या गाडीनं नवीन लेकरू येणार, त्याच गाडीनं येणारी नववीतली मुलगी त्याची सोबती. त्यामुळे ओळख शाळेच्या फाटकात न होता गावच्या थांब्यावरच होते. माझ्या लेकीची सोबती आमच्याच गावातली, वरच्या आळीतली. दोघी एकमेकींना चेहऱ्यानं ओळखत होत्या, बोलणं कधी झालं नव्हतं.

या सोबतिणीनं पहिल्या शनिवारी काय दाखवलं, ते लेकीनं घरी येऊन जसं सांगितलं तसं लिहितो. मुलींची स्वच्छतागृहं कुठं आणि त्यातल्या कोणत्या दाराची कडी नीट लागते. पिण्याच्या पाण्याची टाकी. बोनाफाईड लागलं तर ऑफिसच्या कोणत्या खिडकीवर जायचं आणि क्लार्ककाका कोणत्या वेळी निवांत असतात. शाळेत असताना पाळी आली तर कुणाला सांगायचं. पॅड शिवणकामाच्या बाईंच्या कपाटात असतात आणि मागताना कारण सांगावं लागत नाही. संध्याकाळी गाडी कोणत्या फाटकासमोर लागते आणि चुकली तर कुठं थांबायचं. तक्रारपेटी कुठं आहे. हे सगळं एखाद्या सरांनी माईकवरून सांगितलं असतं तर पोरींनी मान खाली घालून ऐकलं असतं आणि प्रश्न एकीनंही विचारला नसता. वर्षानं मोठ्या मुलीला मात्र सगळं विचारता येतं.

मधल्या सुट्टीचं मी आधी कुठं वाचलं-ऐकलं नव्हतं. शालेय पोषण आहार आठवीपर्यंत असतो, सहावी ते आठवीच्या मुलाला रोज दीडशे ग्रॅम तांदळाच्या हिशेबानं. गावच्या शाळेत सगळेच खिचडी खातात, त्यात लाजण्यासारखं काही नसतं. तालुक्याच्या शाळेत गावातली मुलं डबे आणतात आणि बाहेरगावची नवीन लेकरं ताट घेऊन ओळीत उभं राहायला संकोचतात. पहिल्या आठवड्यात कितीतरी लेकरं उपाशी राहतात आणि घरी सांगत नाहीत. इथे सोबतींना काम दिलेलं असतं: नववीला पोषण आहार नाही, तेव्हा आपला डबा घेऊन नवीन लेकरांच्या शेजारी पंगतीत बसायचं. माझी लेक पहिल्या दिवसापासून जेवली, ती या व्यवस्थेमुळे. गिरणीवर बाया मला बाकी काही विचारोत न विचारोत, मी हे आवर्जून सांगतो.

तासांचा बदल लेकरांना जड जातो. गावात दोन-तीन गुरुजी सगळे विषय शिकवतात, लेकराचं घर, आजारपण, स्वभाव त्यांना ठाऊक असतो. इथे पस्तीस मिनिटांनी घंटा होते आणि नवीन चेहरा फळ्यापुढे येतो. पहिल्या आठवड्यात शिक्षकांनी शिकवायची घाई केली नाही. वाचन आणि साध्या गणितांची तपासणी घेतली, पण कुणाला किती आले ते वर्गात सांगितलं नाही. वर्गशिक्षिकांनी वहीच्या मागच्या पानावर वेळापत्रक लिहून घेतलं आणि कोणत्या दिवशी कोणती पुस्तकं आणायची नाहीत तेही लिहायला लावलं. दप्तराचं ओझं मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांवर जाऊ नये, असा शासनाचा 2015 चा निर्णय आहे. तो पाळलेला मी या शाळेत पहिल्यांदा पाहिला.

आता वर्गशिक्षिकांबद्दल. जूनच्या शेवटी एका संध्याकाळी बाई मुलांच्याच गाडीनं आमच्या गावात उतरल्या. त्यांच्या तुकडीतली आमच्या गावची पाच लेकरं होती, त्या पाचही घरी गेल्या. माझ्याकडे आल्या तेव्हा दळणाची गर्दी होती. मी गिरणी बंद करायला निघालो तर म्हणाल्या, "दादा, चालू द्या, मी बसते इथंच." मग पोत्यावर बसून त्यांनी विचारलं की पोरगी घरी किती वाजता पोचते, आल्यावर तिच्याकडे कोणती कामं असतात, संध्याकाळचा स्वयंपाक कोण करतं, वीज कधी जाते, अभ्यासाला बसायला जागा कुठं आहे. अभ्यासात कशी आहे, हे त्यांनी विचारलंच नाही. ते त्यांना वर्गात दिसतच होतं. माझी बायको म्हणाली, "बाई, ती बोलत नाही हो वर्गात, घरी मात्र तोंड बंद नसतं." बाई म्हणाल्या, "दिवाळीपर्यंत बोलेल, घाई करू नका तुम्ही." पुढच्या आठवड्यापासून गाडीनं येणाऱ्या मुलांना गृहपाठ एका दिवसाऐवजी दोन दिवसांच्या मुदतीनं मिळू लागला. शाळेतल्या सगळ्याच वर्गशिक्षकांनी अशा भेटी दिल्या नाहीत. बाकीच्यांना वेळ नसेल किंवा प्रवास जमत नसेल, मी समजू शकतो. पण मुख्याध्यापकांना माझं सांगणं आहे की ही भेट एका बाईंच्या चांगुलपणावर सोडू नका. तिला शाळेच्या कामाच्या वेळेत बसवा आणि प्रवासाचा खर्च द्या.

शाळा उघडायच्या आधीच्या त्या शनिवारी पालकांनाही एक गोष्ट स्पष्ट सांगितली, जी गावात अजून बऱ्याच जणांना ठाऊक नाही. आठवीपर्यंत कुणी नापास होत नाही, हे आता खरं राहिलेलं नाही. डिसेंबर 2023 च्या शासन निर्णयानं पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आली आहे. नापास झालं तर पुनर्परीक्षा मिळते, आणि तीही सुटली नाही तर त्याच वर्गात बसावं लागतं. हे भीती घालायला सांगितलं नाही. पहिल्या घटक चाचणीत मागं पडलेल्यांसाठी जादा तास कधी असतात, तेही लगेच सांगितलं.

पैशाचं थोडक्यात. आठवीला पाठ्यपुस्तकं मोफत मिळाली. मुलींना एसटीचा पास बारावीपर्यंत मोफत आहे, मुलांना तिकिटाच्या एक तृतीयांश पैशांत. 2024 पासून पास शाळेतच द्यायची पद्धत सुरू झाली, त्यामुळे आगाराच्या खिडकीवर खेटे घालावे लागत नाहीत. आमच्या भागात शासनाच्या मानव विकास योजनेतली निळी एसटी मुलींसाठी येते. शाळेपासून पाच किलोमीटरच्या आतल्या गावातल्या मुलींनी त्याच योजनेतल्या सायकलीबद्दल ऑफिसात विचारावं, आठवी ते बारावीच्या मुलींना मिळते. नववीत गेल्यावर पोषण आहार थांबतो आणि पुस्तकं विकत घ्यावी लागतात, तेवढी तजवीज ठेवा.

आता जे पटलं नाही ते.

सगळ्यात मोठी अडचण सेमी इंग्रजीची, म्हणजे गणित-विज्ञान इंग्रजीतून आणि बाकीचे विषय मराठीतून. प्रवेशअर्जावर सेमी की मराठी असा एक चौकोन असतो आणि तो भरायचा खिडकीवर, मागं रांग उभी असताना. बहुतेक बाप विचारतात, "काय लिहू साहेब?" आणि क्लार्क जे म्हणेल ते लिहितात. हा लेकराच्या पुढच्या तीन वर्षांचा निर्णय आहे. तो खिडकीवर होऊ नये, गणित-विज्ञानाच्या शिक्षकांसमोर बसून व्हावा. शिवाय तुकड्या सातवीच्या मार्कांवर पाडतात. त्यामुळे शहरातल्या शाळांमधून आलेली मुलं 'अ' मध्ये आणि खेड्यातली बहुतेक 'क' मध्ये जातात. आपण कुठं बसलोय ते लेकरांना पहिल्या दिवशीच कळतं, आणि सोबती कितीही चांगला असला तरी ते भरून निघत नाही.

लेकीला आम्ही सेमी घेतलं. गणिताचा पहिलाच धडा परिमेय व अपरिमेय संख्यांचा. अपूर्णांक तिला चांगले येत होते, अंश-छेद तोंडपाठ. पण वर्गात न्यूमरेटर, डिनॉमिनेटर, रॅशनल नंबर ऐकून तिला वाटलं आपल्याला गणितच येत नाही. रात्री वही समोर घेऊन नुसती बसायची. शाळेनं शब्दांची एक छान पुस्तिका केलेली आहे, मराठी आणि इंग्रजी शब्द शेजारी-शेजारी, आकृत्यांसकट. ती हातात पडली पहिल्या घटक चाचणीनंतर. छापून तयार असते तर मे महिन्यात प्रवेशाबरोबरच का देत नाहीत? सुट्टीत रोज चार शब्द वाचले असते तर लेकराचे दोन महिने असे गेले नसते. पुस्तिका मिळाल्यावर सोबतिणीनं गाडीत येता-जाता तिच्याकडून शब्द पाठ करून घेतले, आणि दुसऱ्या चाचणीपर्यंत गाडी रुळावर आली.

शनिवारची शाळा सकाळी साडेसातची. आमच्या बाजूची पहिली गाडी आठला पोचते. सुरुवातीला उशिरा आलेल्यांना परिपाठ संपेपर्यंत बाहेर उभं करायचे. आम्ही काही पालकांनी जाऊन सांगितल्यावर गाडीच्या मुलांना सूट मिळाली. मुख्याध्यापकांनी ऐकून घेतलं, याचं समाधान आहे, पण गाडीच्या मार्गावर सोबती निवडणाऱ्या शाळेला गाडीची वेळ माहीत असायला हवी होती.

आणि मुलग्यांचं. मुलींचे सोबती वर्षभर टिकतात, कारण दर पंधरा दिवसांनी बाई सोबतिणींना बसवून विचारतात: कोण जेवत नाही, कोण गैरहजर आहे, कोण एकटी बसते. मुलग्यांकडे असं कुणी बघत नाही. नववीतली पोरं आठवडाभर फिरतात आणि मग आपल्या खेळात जातात. माझ्या चुलत भावाचा मुलगा लेकीबरोबरच लागला. त्याच्या बोलण्यावरून, चपलांवरून मोठी मुलं चिडवायची. त्यानं घरी काही सांगितलं नाही, फक्त सोमवारी पोट दुखायला लागलं. हे आम्हाला सोबतिणीकडून कळलं, कारण तिनं गाडीत त्याला शेवटच्या बाकावर रडताना पाहिलं. शाळेनं त्या मुलांना समज दिली आणि चिडवणं थांबलं. पण मुलगा आहे, आपोआप घट्ट होईल, असं धरून चालणं बरोबर नाही. तेरा वर्षांचा मुलगाही तितकाच घाबरलेला असतो, आणि त्याला विचारणारं कुणी नसतं.

एकूण माझं मत असं, की मुलगी असेल तर निर्धास्त घाला. मुलगा असेल तरी घाला, पण पहिल्या महिन्यात स्वतः शाळेत एक चक्कर मारा आणि सोबती कोण आहे त्याच्याशी बोलून या. प्रवेशाला शाळा सोडल्याचा दाखला, आधार, फोटो आणि बँकेचं पासबुक लागतं. निकाल लागला की लगेच जा, जूनमध्ये रांग मोठी असते. माध्यमाचा चौकोन रिकामा ठेवून गणिताच्या सरांना भेटायचं आहे असं सांगा, ते भेटतात. शब्दांची पुस्तिका त्याच दिवशी मागून घ्या. शाळेच्या कुठल्याही समितीबद्दल विचारताना कचरू नका. 2022 च्या शासन निर्णयाप्रमाणे शाळेत मुलामुलींच्या सुरक्षिततेसाठीची सखी सावित्री समिती असायला हवी, इथे ती आहे आणि तिच्यावर कोण आहे ते फलकावर लिहिलेलं आहे. खाली 1098 हा मुलांसाठीचा मदत क्रमांकही आहे.

मुलग्यांच्या सोबतींसाठी एका सरांना जबाबदारी द्यावी आणि पुस्तिका मे महिन्यात द्यावी, असं आम्ही सात पालकांनी सह्या करून लेखी दिलंय. मुख्याध्यापकांनी अर्जावर पोच दिली आहे. यंदा माझी लेक स्वतः सोबती झाली आहे, तिच्याकडे पलीकडच्या वाडीतल्या दोन मुली आल्यात. अर्जाचं पुढं काय झालं ते दिवाळीनंतर इथेच लिहीन.