बोलण्याच्या अंतरावरची लेन्स : कॅनन ईएफ ५० एमएम एफ/१.८ एसटीएम

आधी एक हिशोब सांगते, कारण या लेन्सबद्दल मला जे म्हणायचंय ते सगळं त्या हिशोबात आहे.

माझा कॅमेरा क्रॉप सेन्सरचा, म्हणजे चित्र टिपणारा सेन्सर फिल्मच्या चौकटीहून लहान, साधारण २२ बाय १५ मिलिमीटरचा. त्यावर ही ५० एमएम (हा आकडा जितका मोठा, तितका लेन्सचा कोन अरुंद) लावून कॅमेरा उभा धरला, की दीड मीटरवरून चौकटीत सुमारे ६७ सेंटीमीटर उंची मावते. बसलेल्या माणसाचं डोक्यापासून पोटापर्यंतचं चित्र. हीच चौकट माझ्या ५५-२५० झूमवर २५० एमएमला हवी असेल, तर साडेसात मीटर मागे जावं लागतं. चौकट तीच, माणूस तोच. पण दीड मीटरवरून माणसाशी बोलता येतं आणि साडेसात मीटरवरून त्याला हाक मारावी लागते.

ही लेन्स घेण्याआधी तीन वर्षं मी माणसांचे फोटो त्या झूमनेच काढत होते. रस्त्याच्या पलीकडून, बसथांब्याच्या आडोशाने, फुटपाथच्या टोकावरून. एका सुट्टीत ते सगळे फोटो सलग पाहिले. शार्प होते, रंग चांगले होते, पण जवळजवळ एकाही माणसाने माझ्याकडे पाहिलेलं नव्हतं. चेहरेही सपाट वाटत होते. तो दोष झूमचा नव्हता. लांबून पाहिलं की नाक, गाल आणि कान यांच्यातलं अंतर नजरेला कमी होतं. पर्स्पेक्टिव्ह लेन्सवर ठरत नाही, तुम्ही कुठे उभे आहात त्यावर ठरतं. मी लांब उभी होते, ते फोटोत दिसत होतं.

मग ही लेन्स घेतली. आता सहा वर्षं झाली आणि दहातल्या आठ दिवशी कॅमेऱ्यावर हीच असते.

लेन्स हातात घेतली की पहिल्यांदा लहानच वाटते. वजन १६० ग्रॅम, लांबी चार सेंटीमीटरच्या आत. रोजच्या पिशवीत कॅमेरा असू शकतो तो हिच्यामुळे. जड लेन्स लावलेला कॅमेरा सहलीसाठी बाहेर पडतो, हलकी लेन्स लावलेला कॅमेरा कामाला जाताना सोबत येतो, आणि माझे निम्म्याहून जास्त आवडते फोटो कामाला जाता-येतानाचे आहेत. माउंट, म्हणजे कॅमेऱ्याला जोडला जाणारा भाग, धातूचा आहे. आधीच्या आवृत्तीचा प्लास्टिकचा होता.

त्या आधीच्या आवृत्तीबद्दल थोडं, कारण जुन्या बाजारात ती अजून खूप दिसते. कॅननने ईएफ माउंट आणला १९८७ मध्ये, आणि पहिली ५० एफ/१.८ त्याच वर्षीची. १९९० मध्ये दुसरी आवृत्ती आली आणि ती तब्बल २५ वर्षं चालली. २०१५ मध्ये ही एसटीएम आली. जुनीत अपर्चरची (उजेड आत येण्याच्या छिद्राची) पाती पाच, हिच्यात सात आणि गोलाईची. जुनी ४५ सेंटीमीटरच्या आत फोकस होत नव्हती, ही ३५ पर्यंत होते. फोकसची मोटरही (एसटीएम हे तिचंच नाव) आता बरीच शांत. झोपलेल्या बाळाचा फोटो काढताना हा फरक चांगलाच कळतो. जुनी स्वस्तात मिळत असली तरी मी हीच घ्या म्हणेन. दहा सेंटीमीटर ऐकायला थोडे वाटतात. प्रत्यक्षात ते दहा सेंटीमीटर म्हणजे हात आणि बोटं यांच्यातला फरक आहे.

तो फरक मला कळला तो घड्याळ दुरुस्त करणाऱ्या एका काकांमुळे.

त्यांचा गाळा इतका अरुंद, की काउंटरच्या आत एक खुर्ची आणि बाहेर एक गिऱ्हाईक एवढीच जागा. उजेड म्हणजे मान वाकवलेला एक टेबल लॅम्प. पहिल्यांदा गेले तेव्हा कॅमेऱ्यावर किट लेन्स, म्हणजे कॅमेऱ्यासोबत मिळालेली साधी झूम, होती. ५५ एमएमला ती एफ/५.६च्या पुढे उघडत नाही (एफचा आकडा जितका लहान, तितकं छिद्र मोठं). आयएसओ, म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता, ३२०० करूनही शटर १/१५ सेकंदावर आलं आणि काकांचा चिमटा धरलेला हात प्रत्येक फोटोत पुसटलेला. पुढच्या वेळी ही लेन्स घेऊन गेले. एफ/१.८ म्हणजे एफ/५.६च्या साधारण साडेनऊ पट उजेड, त्यामुळे तोच आयएसओ, तोच दिवा, आणि शटर १/१२५. हात थांबला.

काका म्हणाले, "जवळ या हवं तर, पण माझा उजेड अडवू नका." मी काउंटरवर कोपर टेकवून जेवढं जवळ जाता येईल तेवढी गेले. चिमट्यात एक चाक होतं, तांदळाच्या दाण्याहून लहान. फोटो मोठा करून पाहिला तर चाकाचे दाते स्पष्ट, आणि चिमटा धरलेली नखं धूसर. ३५ सेंटीमीटरवर एफ/१.८ला फोकसची खोली जेमतेम तीन मिलिमीटर असते. चाक त्यात होतं, नखं नव्हती. मला नखं हवी होती. त्यांच्या अंगठ्याच्या नखाला मधोमध एक खाच पडली होती, इतकी वर्षं पाठीमागची झाकणं उघडून उघडून. खोली वाढावी म्हणून अपर्चर एफ/४ केलं, शटर १/३० वर आलं. या लेन्सला स्टॅबिलायझेशन (हाताची थरथर भरून काढणारी सोय) नाही, आणि इतक्या जवळून १/३० म्हणजे आपला श्वासही फोटोत उतरतो.

पण मी पाहत होते. चाक जागेवर बसवायच्या क्षणी काका स्वतः श्वास रोखत होते. दर वेळी. खांदे थांबायचे, मग हात थांबायचा, मग चाक खाली जायचं आणि नंतर एक मोठा सुस्कारा. मी त्यांच्याबरोबर श्वास रोखायला लागले. चौथ्या चाकाला जमलं. चाक, चिमट्याचं टोक आणि खाच पडलेलं नख, तिन्ही स्वच्छ.

रस्त्यापलीकडून मला तो श्वास कधीच दिसला नसता. या लेन्ससाठी मी याहून मोठी शिफारस लिहू शकत नाही.

आता तिच्या मर्यादा. घरात ही लेन्स अडचण करते, आणि ते आधी माहीत असलेलं बरं. क्रॉप सेन्सरवर ५० एमएमचा कोन फुल फ्रेमच्या, म्हणजे २४ बाय ३६ मिलिमीटरच्या सेन्सरवरच्या, ८० एमएम इतका अरुंद होतो. उभ्या माणसाला डोक्यावर-पायाखाली थोडी जागा सोडून चौकटीत घ्यायचं तर साडेचार मीटर लागतात. कुठल्या खोलीत असतात साडेचार मीटर मोकळे? सगळं घर जमलंय आणि सगळ्यांना एका फोटोत घ्यायचंय, अशा वेळी किट लेन्सच लावावी. खोल्या, जिने, गल्ल्या हाच तुमचा मुख्य विषय असेल तर कॅननचीच ईएफ-एस २४ एमएम एफ/२.८ पाहा. तीही खिशात मावते आणि तिचा कोन फुल फ्रेमवरच्या ३८ एमएमच्या जवळचा.

पुष्कळ जण ५० घेतात ती फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांचं नाव ऐकून. त्यांनी आयुष्यभराचं बरंचसं काम ५० एमएमवर केलं हे खरं आहे. लायका कॅमेरा १९२५ मध्ये बाजारात आला तोच ५० एमएमच्या लेन्सने, आणि २४ बाय ३६ मिलिमीटरच्या फिल्मवर ही लांबी तिथूनच रुळली. पण ती त्या आकाराच्या चौकटीवर. क्रॉप सेन्सरवर त्यांच्यासारखा कोन हवा तर ३० एमएमच्या आसपासची लेन्स लागते. ५० लावून आपण त्यांच्याहून पुष्कळ अरुंद बघत असतो. मला ते अरुंद बघणं आवडलं, पण घेताना गैरसमज नको.

लेन्सची आतली रचना मात्र त्याहूनही जुन्या वंशाची आहे. कार्ल झाइसमध्ये पाउल रुडोल्फ यांनी १८९६ मध्ये प्लानार नावाची लेन्स रचली, मधल्या अपर्चरच्या दोन्ही बाजूंना भिंगांची जवळजवळ सारखी मांडणी असलेली. एका बाजूचे काही दोष दुसरी बाजू खोडून काढते, अशी कल्पना. आजच्या बहुतेक ५० एफ/१.८ त्याच घराण्यातल्या. हिच्यातही पाच गटांत सहा भिंगं आहेत. इतकी लहान, हलकी आणि सामान्य माणसाला परवडणारी लेन्स एवढी चांगली कशी, याचं बरंचसं उत्तर हेच. रचना सव्वाशे वर्षं घासूनपुसून तयार झालेली आहे.

एफ/१.८ला कडा थोड्या मऊ येतात, आणि उजेडाकडे तोंड करून झाडाची पानं टिपली तर पानांच्या कडेला जांभळट-हिरवट रेघ दिसते. मोठ्या अपर्चरच्या साध्या रचनेत हे असतंच. एफ/२.८ला बरंच कमी होतं, एफ/४ला मी शोधायचं सोडून देते. माणसांसाठी माझं नेहमीचं अपर्चर एफ/२.८ आहे. नव्याने घेणारे सगळे एफ/१.८वरच अडकून बसतात, मीही वर्षभर तेच केलं, आणि त्या वर्षातल्या कितीतरी फोटोंत एक डोळा स्पष्ट आणि दुसरा विरघळलेला आहे.

एफ/१.८ राखून ठेवावं ते संध्याकाळच्या बससाठी. पाऊस पडत असावा, खिडकीची जागा मिळावी. काचेवरच्या थेंबांवर फोकस करायचा. इथे एक सांगते : लेन्सचे ३५ सेंटीमीटर तिच्या टोकापासून नाही, सेन्सरपासून मोजतात. कॅमेऱ्याच्या माथ्यावर गोल आणि त्याला छेदणारी आडवी रेघ अशी खूण असते, तिथे सेन्सर. म्हणजे काच लेन्सच्या टोकापासून वीतभर लांब हवी, बसच्या सीटवर बसून अगदी बेताची. मग बाहेरचे सिग्नल, गाड्यांचे मागचे दिवे, दुकानांच्या पाट्या यांची मोठमोठी वर्तुळं होतात. मधली वर्तुळं गोल, कोपऱ्यातली दोन्ही बाजूंनी दाबलेली, डोळ्याच्या आकाराची. काहींना तो दोष वाटतो. मला ती वर्तुळं मधल्या थेंबाभोवती वळल्यासारखी दिसतात आणि फार आवडतात. आमच्या मार्गावर एका वळणाला बस थांबते आणि तांबडा सिग्नल सरळ खिडकीत येतो. त्या एका वळणाचे माझ्याकडे चार पावसाळ्यांचे फोटो आहेत.

पावसात स्वतः उतरायचं असेल तर मात्र जपा. ही लेन्स पाणीरोधक नाही. मी प्लास्टिकच्या पिशवीला भोक पाडून रबर लावते, तेवढं पुरतं. हूड (लेन्सच्या तोंडाभोवती बसणारं कडं) वेगळा घ्यावा लागतो, तो घ्याच. फोकस होताना पुढची नळी किंचित बाहेर येते आणि गर्दीत तिलाच धक्का बसतो. वापरलेली लेन्स घेत असाल तर पुढून टॉर्च मारून मागून बघा. मी या आधी एक जुनी लेन्स घेतली होती, विकणारा म्हणाला काच स्वच्छ आहे. घरी येऊन टॉर्च मारला तर आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी.

प्रवासाला मी ही एकटी लेन्स घेऊन एकदाच गेले, चार दिवस, डोंगरात. पहिला दिवस जड गेला. समोर दरी, आणि चौकटीत दरीचा एक तुकडा. कॅमेरा उभा धरून चार-पाच फोटो, प्रत्येकात मागच्याचा एक तृतीयांश भाग, फोकस आणि एक्स्पोजर मॅन्युअलवर कायम ठेवून, असं करून नंतर ते जोडता येतात. तसे जोडलेही. पण तिसऱ्या दिवशी मी दरीचा नाद सोडला आणि दरीकडे बघत बसलेल्या लोकांकडे वळले. एक आजी पायऱ्या चढून येऊन दगडावर बसल्या होत्या, चपला काढून तळवे उन्हाला धरून. विचारलं, फोटो काढू का. त्या म्हणाल्या, "पायांचा?" म्हटलं, हो. त्यांनी दोन्ही पाय अगदी जुळवून सरळ केले आणि मान ताठ करून बसल्या, जणू चेहऱ्याचा फोटो निघतोय. मी पाय आणि चेहरा दोन्ही घेतलं. मागची दरी निळसर धूसर झाली आहे, आणि त्या सहलीत दरी इतकी चांगली दुसऱ्या कुठल्याच फोटोत आलेली नाही.

मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेला कॅमेरा घेणाऱ्यांसाठी : त्यांच्या आरएफ माउंटची ५० एफ/१.८ कॅननने २०२० मध्ये आणली, नवीन सुरुवात करत असाल तर तीच घ्या. ही ईएफ आधीपासून असेल तर अ‍ॅडॉप्टरवर व्यवस्थित चालते, बदलायची घाई नको.

मागच्या महिन्यात माझ्या भाचीने, वय वर्षं आठ, पहिल्यांदा हा कॅमेरा मागितला. पट्टा गळ्यात घालून दिला. तिने डोळा लावला, मागे सरकली, अजून सरकली, पाठ कपाटाला टेकली. "मावशी, तू मावत नाहीस, तू मागे जा." मी दारापर्यंत गेले. ती म्हणाली, "आता लांब वाटतेस. ये परत." मी दोन पावलं पुढे आले. "हां, तिथेच."

नंतर टेपने मोजलं. एक मीटर सत्तर.