झोन डिफेन्सचे दोन दिवसांचे शिबिर: शिकवणी उत्तम, गोलामागचा धडा अपुरा

अमेरिकेतील मेरीलँडमधल्या आमच्या घरात लॅक्रॉस, म्हणजे जाळी लावलेल्या काठीने चेंडू झेलत-फेकत गोल करण्याचा खेळ, मुलामुळे आला, आणि त्याच्या संघाच्या सरावात मदत करू लागल्यापासून झोन डिफेन्स मुळापासून समजून घ्यावा असे मनात होते. म्हणून मी त्याला घेऊन या विषयावरील दोन दिवसांच्या शिबिराला गेलो.

पुरुषांच्या लॅक्रॉसमध्ये संघात दहा खेळाडू असले तरी तिघांना पलीकडच्या अर्ध्या मैदानातच ठेवणाऱ्या ऑफसाइडच्या नियमामुळे गोलरक्षकाखेरीज सहाच जण बचावाला उरतात. मॅन-टू-मॅन पद्धतीत प्रत्येकाने आपापला प्रतिस्पर्धी धरायचा असतो, तर झोनमध्ये नेमून दिलेली जागा राखायची आणि तिथे जो येईल त्याला अडवायचे. त्यामुळे झोन म्हणजे पायांना विश्रांती, असे मुले समजतात. हा गैरसमज प्रशिक्षकांनी पहिल्याच तासात दूर केला, आणि शिबिराचे खरे मोल मला तिथेच दिसले. त्यांनी सहा मुलांना तीन-तीनच्या दोन रांगांत उभे केले, स्वतः चेंडू हातात घेऊन बाहेरून चालत राहिले, आणि प्रत्येकाला काठीने चेंडूकडे व मोकळ्या हाताने आपल्या हद्दीतील आक्रमकाकडे सतत बोट दाखवायला सांगितले. माझ्या मुलाची नजर क्षणभर चेंडूवरच खिळली, तेवढ्यात एक आक्रमक त्याच्या पाठीमागून क्रीजपाशी, म्हणजे गोलभोवतीच्या वर्तुळापाशी, पोहोचला होता. आपल्या हद्दीतून निघालेला आक्रमक शेजाऱ्याला ओरडून सोपवायचा असतो, हे त्या एका चुकीतून त्याला जितके उमगले तितके मी वर्षभर सांगूनही उमगले नव्हते.

उदाहरणही चपखल निवडले होते. २०११ मध्ये व्हर्जिनिया विद्यापीठाच्या संघाने बचावातील प्रमुख खेळाडू जायबंदी झाल्यावर झोनचा आधार घेतला आणि कॉलेज अजिंक्यपद स्पर्धेच्या बाल्टिमोरमधील अंतिम सामन्यात मेरीलँड विद्यापीठाला ९-७ असे हरवले. कॉलेजच्या खेळात २०१९ पासून ८० सेकंदांचे शॉट क्लॉक, म्हणजे गोलावर फटका मारण्याची वेळमर्यादा, आल्यामुळे प्रतिस्पर्ध्याला बाहेरच पास खेळत ठेवणाऱ्या झोनची उपयुक्तता वाढली आहे, हेही त्यांनी नीट पटवून दिले.

एक उणीव मात्र मला फार खटकली. लॅक्रॉसचा गोल मैदानाच्या टोकाला नसून शेवटच्या रेषेपासून १५ यार्ड आत असतो, त्यामुळे आक्रमक त्याच्या मागूनही चेंडू खेळवतो. त्या वेळी बचावपटूंना मान वळवून मागे पाहावे लागते आणि पुढचे मोकळे सुटतात. झोनची खरी परीक्षा इथेच होते, पण या भागाला दुसऱ्या दिवशी जेमतेम पंधरा मिनिटे मिळाली. मुलेही एवढी जमली होती की निम्मा वेळ प्रत्येकजण कडेला उभा होता.

तरीही शालेय संघांच्या प्रशिक्षकांनी आणि दोन-तीन हंगाम खेळलेल्या मुलांनी या शिबिराला अवश्य जावे. नुकतीच काठी हातात घेतलेल्या मुलाला मात्र इतक्यात पाठवू नये, कारण त्याने आधी एकास एक बचाव शिकायला हवा आणि तो इथे शिकवला जात नाही.