आधी सिद्धांत की आधी जागतिक अर्थकारण?

यूपीएससीसाठी राज्यशास्त्र व आंतरराष्ट्रीय संबंध हा वैकल्पिक विषय घेतला, तर आंतरराष्ट्रीय संबंधांचा अभ्यास कुठून सुरू करावा, यावर नाशिकच्या कॉलेज रोडच्या अभ्यासिकांमध्ये चहाबरोबर बरीच चर्चा झडते. वास्तववाद, उदारमतवाद, रचनावाद हे सिद्धांत आधी, की ब्रेटन वूड्स (१९४४मध्ये ठरलेली जागतिक चलनव्यवस्था), नाणेनिधी, डब्ल्यूटीओ (जागतिक व्यापार संघटना) हे अर्थकारण आधी? मी आधी सिद्धांत केले, अर्थकारण नंतर.

सिद्धांतांची सोय मोठी आहे. मॉर्गेन्थाऊ, वॉल्ट्झ हे वास्तववादी विचारवंत हाताशी असले की उत्तराचा सांगाडा तयारच असतो. क्यूबातल्या सोव्हिएत क्षेपणास्त्रांवरून झालेला १९६२चा पेच किंवा अण्वस्त्रांचा धाक सत्तासंतुलनाशिवाय समजणं अवघडच, हे मान्य.

पण एक गोष्ट मला शेवटपर्यंत टोचत राहिली. वॉल्ट्झच्या मांडणीत राज्य म्हणजे एक बंद पेटी. आत काय चाललंय ते बघायचंच नाही. डिसेंबर २०२३मध्ये कांद्याची निर्यात बंद झाली, ती मे २०२४पर्यंत. माझ्या नोट्सच्या भाषेत, 'भारताने' बंदी घातली. कोणत्या भारताने? जिल्ह्यातल्या बाजार समित्यांत लिलाव बंद पडले होते, दिल्लीचं गिऱ्हाईक भावाकडे डोळे लावून होतं आणि लोकसभा तोंडावर होती. हे सगळे एकाच पेटीत! रॉबर्ट पटनम या अमेरिकी अभ्यासकाने १९८८मध्ये देशांतर्गत राजकारण आणि बाहेरच्या वाटाघाटी एकत्र बांधून दाखवल्या, हे खरं. पण मला भेटलेल्या नोट्समध्ये तो शेवटच्या चार ओळींत उरकलेला असायचा.

राजकीय अर्थकारण पहिलाच प्रश्न विचारतं: फायदा कुणाला, भुर्दंड कुणाला? मग निर्यातबंदीवरून थेट गॅट या जागतिक व्यापार कराराच्या अकराव्या कलमाशी पोचता येतं. ते निर्यातीवर बंदी घालायला सहसा मनाई करतं, पण अन्नपदार्थांची गंभीर टंचाई असेल तर तात्पुरती मोकळीक देतं. टंचाई 'गंभीर' कधी म्हणायची, यावर वाद घालायला आपल्याकडे माणसं कमी नाहीत. २०१०मध्ये क्लोरमेक्वाट या वेलीची वाढ रोखणाऱ्या रसायनाच्या अंशामुळे युरोपात आपली द्राक्षं अडकली, तेव्हा अंशाची मर्यादा ठरवली होती त्यांनी आणि तोट्यात गेला बागाईतदार. नियम ठरवणाऱ्याच्या हातातल्या अशा ताकदीला राजकीय अर्थकारणाच्या अभ्यासक सुझन स्ट्रेंज संरचनात्मक सत्ता म्हणतात. ही संकल्पना मला पिंपळगावच्या द्राक्षांवरून कळली, व्याख्येवरून नव्हे.

अर्थात विनिमय दर, व्यवहारतोल (देशाच्या परदेशांशी देण्याघेण्याचा हिशेब) ही डोकेदुखी आहेच. १९७१मध्ये अमेरिकेने डॉलर सोन्यापासून का तोडला, हे समजायला मला कॉमर्सच्या मित्राला गाठावं लागलं. मराठीत धड काही सापडलंही नाही.

यूपीएससीच्या वैकल्पिक विषयात दोन्ही घटक दुसऱ्याच पेपरात आहेत, त्यामुळे सुटका कशापासूनच नाही. परीक्षा दोन-तीन महिन्यांवर असेल तर सिद्धांतच धरा, उगाच धाडस नको. हाताशी वर्षभर असेल तर मात्र, माझं ऐकाल तर, 'ब्रेटन वूड्स ते डब्ल्यूटीओ' आधी उचला. नंतर वॉल्ट्झ उघडला की त्याच्याशी भांडता तरी येतं.