म्हाताऱ्या कुत्र्याच्या फिट्ससाठी फेनोबार्बिटोन की लेव्हेटिरासिटाम?
ताई, 12 वर्षांच्या लॅब्रॅडॉरचं एएलटी (रक्तातलं लिव्हरचं एन्झाइम) वाढलंय म्हणून फिट्सची गोळी बदलू का विचारताय, तर आमच्या मोत्याला दोन्ही देऊन झाल्यात. फेनोबार्बिटोन स्वस्त, दिवसातून दोनदा, पण लिव्हरवर लोड येतो आणि भूक तर अशी की मोत्या कचऱ्यातली आंब्याची कोय चोखत बसायचा. एएलपी (लिव्हरचंच दुसरं एन्झाइम) मात्र या गोळीने लिव्हर बरं असतानाही वाढतं, त्यामुळे घाबरण्याआधी लिव्हर नीट काम करतंय का ते दाखवणारी बाइल ॲसिड टेस्ट करून घ्या. लेव्हेटिरासिटाम बरीचशी किडनीतून बाहेर जाते, लिव्हरला सोपी, पण महाग आणि साधी गोळी दर 8 तासांनी, नुसता अलार्मचा वैताग.

लिव्हर खरंच बिघडलं असेल तर लेव्हेटिरासिटाम, लिव्हर ठीक आणि दुपारी घरी कोणी नसेल तर फेनो, दर 6 महिन्यांनी रक्त तपासून. फक्त फेनो एकदम बंद करू नका हां, फिट्स उसळतात, डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी करा.