सोसायटीच्या गेटवरचं चेहऱ्याचं मशीन : आठ महिन्यांचा अनुभव

डोंबिवली पूर्वेला आमची ८४ फ्लॅटची सोसायटी आहे. गेल्या जूनमध्ये कमिटीनं गेटसाठी एक ॲप आणि चेहरा ओळखणारं मशीन घेतलं. फ्लॅटमागे महिना ३० रुपये, मशीनचे २८ हजार वेगळे. मी खजिनदार, चेक मीच लिहिला. कंपनीचं नाव देत नाही, कारण अशी सेवा देणाऱ्या बऱ्याच कंपन्या आहेत आणि मी जे लिहितेय ते त्यातल्या कुणालाही विचारायला हवं.

आधी चांगलं सांगते. पाहुणे आणि कुरिअर यांच्यासाठी ॲप खरंच उपयोगी आहे. कुणी आलं की फोनवर विचारणा येते, हो म्हटलं की वॉचमन सोडतो. माझ्या सासूबाई ८१ वर्षांच्या. दुपारी घरात एकट्या असतात, आणि दार उघडण्याआधी खाली कोण आलंय हे आता ऑफिसातल्या मुलाइतकंच त्यांनाही कळतं. पूर्वी गेटवर जाडजूड रजिस्टर असायचं. त्यात आलेल्या प्रत्येकाचं नाव, फोन नंबर, कुणाकडे चालला, सगळं उघडं. पुढे सही करणारा मागचं पान आरामात वाचायचा. ते बंद झालं हे फार बरं झालं. एवढ्यापुरते पाचपैकी साडेचार.

आता चेहऱ्याचं मशीन. हे रहिवाशांसाठी नाहीच. हे घरकाम करणाऱ्या बायका, ड्रायव्हर, गाड्या धुणारी मुलं यांच्यासाठी आहे.

ऑक्टोबरातली सकाळ, पावणेसात. मी दुधाची पिशवी घ्यायला खाली उतरले होते. आमच्याकडे काम करणाऱ्या मावशी मशीनसमोर टाचा उंचावून उभ्या. आमचं गेट पूर्वेला, त्यामुळे ऊन त्यांच्या पाठीमागून थेट कॅमेऱ्यात. मशीन लाल दिवा दाखवून इंग्रजीत 'पुन्हा प्रयत्न करा' म्हणत होतं. वॉचमननं आतून पत्र्याचं स्टूल आणून दिलं. मावशींनी त्यावर चढून डोक्यावरचा पदर मागे घेतला, तोंड पुसलं, परत उभ्या राहिल्या. मागे आणखी सहाजणी ताटकळलेल्या. हिरवा दिवा लागला तेव्हा ७ वाजून ४ मिनिटं झाली होती आणि ॲपवर त्यांची वेळ तीच पडली.

महिनाअखेरीला दुसऱ्या एका घरातून त्यांचे ३०० रुपये कापले गेले. कारण दिलं, 'ॲपवर नऊ दिवस उशीर आहे.' मावशी मला म्हणाल्या, "वहिनी, मी तर दूधवाल्याच्या आधी येते."

तेव्हा मी ॲपमध्ये त्यांचं पान उघडून त्यांना दाखवलं. त्यांचा फोटो, फोन नंबर, कोणत्या कोणत्या घरी काम करतात, महिन्याभराची हजेरी, आणि खाली रहिवाशांनी दिलेले तारे. एकानं दोन दिलेले. सोसायटीतल्या ८४ घरांना हे दिसत होतं, फक्त त्यांना दिसत नव्हतं. उत्तर द्यायला जागाही नव्हती. त्यांनी बराच वेळ स्क्रीनकडे पाहिलं आणि विचारलं, "हे कुणी लिहिलं? मला कुणी विचारलं कसं नाही?"

मी वॉचमनला विचारलं, नोंदणी करताना काय केलं होतं? तो म्हणाला, "मावशींना म्हटलं इथे बघा, फोटो घेतला. मग इंग्रजीत काहीतरी आलं, ते मीच 'आय ॲग्री' केलं."

बँकेत मी तीस वर्षं काम केलं. नमुना सहीचं कार्ड खातेदारासमोर भरून घ्यायचं, त्याला समजावून सांगायचं, मगच आत ठेवायचं. आणि सहीचा गैरवापर झाला तर नवी सही देता येते. मावशींना नवा चेहरा कुठून आणता येणार आहे?

कमिटीत हा विषय काढला तर उत्तर मिळालं, मशीन कंपनीचं, जबाबदारी कंपनीची. म्हणून घरी बसून कायदाच वाचला. २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा एकमतानं निकाल दिला. त्यानंतर २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आला आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम. मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला दीड वर्षाची मुदत आहे, म्हणजे मे २०२७.

कमिटीतल्या प्रत्येकानं वाचायला हवं ते कलम ८. माहिती कशासाठी आणि कशी वापरायची हे जो ठरवतो, जबाबदारी त्याची. त्यानं ते काम दुसऱ्याला दिलं असलं तरी, आणि करारात काहीही लिहिलं असलं तरी. आमच्या गेटवर ते ठरवलं कुणी? सोसायटीनं. सुरक्षेत कसूर होऊन माहिती फुटली तर कायद्यात २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. एवढा दंड एका सोसायटीला होईल असं मी म्हणत नाही, पण जबाबदार कोण या प्रश्नाचं उत्तर कायद्यात स्पष्ट आहे.

संमती मोकळेपणानं दिलेली हवी, कशासाठी ते समजून दिलेली हवी, आणि दिली तितक्याच सहज मागे घेता यायला हवी. सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टातल्या २२ भाषांपैकी कुठल्याही भाषेत वाचायची सोय हवी. आमच्या ॲपमध्ये मराठी नाही. डोंबिवलीत विकलेल्या ॲपमध्ये मराठी नाही, याचा मला मनापासून राग आला.

कंपनीच्या माणसानं मला सांगितलं की नोकरीच्या कारणासाठी संमती लागत नाही. तशी वाट कायद्यात आहे हे खरं. पण मावशींना पगार आम्ही घरं देतो, सोसायटी त्यांची मालक नाही. माझ्या वाचनाप्रमाणे सोसायटीला ती वाट मिळत नाही. आणि 'चेहरा दे नाहीतर कामाला येऊ नकोस' यात मोकळेपणा कुठे आहे? २०१८ मध्ये स्वीडनच्या शेलेफ्तेओ पालिकेनं एका शाळेत २२ विद्यार्थ्यांची हजेरी तीन आठवडे चेहऱ्यावरून घेऊन पाहिली. संमती घेतलेली होती. तरी तिथल्या माहिती संरक्षण नियामकानं २०१९ मध्ये दोन लाख क्रोनाचा दंड केला, कारण शाळेपुढे विद्यार्थी 'नाही' म्हणू शकत नाही. आमच्या गेटवर मावशी तरी कसं म्हणणार?

आपल्या कायद्याबद्दल एक तक्रार मात्र आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याखालच्या २०११ च्या नियमांत बायोमेट्रिक माहिती (चेहरा, बोटांचे ठसे वगैरे) 'संवेदनशील' म्हणून वेगळी काढलेली होती. २०२३ च्या कायद्यात तशी वेगळी यादीच नाही. चेहरा आणि ईमेलचा पत्ता एकाच पारड्यात.

माहिती पुसण्याचा अनुभव सगळ्यात वाईट. दिवाळीत एका ड्रायव्हरनं काम सोडलं. त्याची नोंद काढा म्हणून मी कंपनीला तीन मेल केले, पाच आठवड्यांनी ॲपमधून नाव गेलं. जानेवारीत तो उरलेला पगार घ्यायला आला, सवयीनं मशीनसमोर उभा राहिला आणि हिरवा दिवा लागला! म्हणजे मशीनच्या आत त्याचा चेहरा तसाच होता. ज्या सुरक्षेसाठी २८ हजार घातले तीच तिथे उघडी पडली.

विशेष सर्वसाधारण सभा बोलावली. दोन तास वाद झाला. काहींचं म्हणणं होतं की चोरी झाली तर काय, आणि ती भीती मी हलकी मानत नाही. शेवटी ठरलं ते असं : काम करणाऱ्यांना फोटोचं साधं कार्ड, चेहऱ्याचं मशीन बंद. तारे आणि फोन नंबर रहिवाशांना दिसणार नाहीत. येण्याजाण्याची नोंद ९० दिवस, मग पुसायची. स्वतःची हजेरी मागितली तर वॉचमननं दाखवायची. कापलेले ३०० रुपये त्या घरानं परत केले.

कंपनीनं तारे बंद केले, फोन नंबर झाकले. मराठी 'पुढच्या आवृत्तीत' येणार म्हणतात. मशीनमधले चेहरे पुसल्याचं लेखी द्यायला मात्र अजून तयार नाहीत. सध्या एकूण सेवेला पाचपैकी दोन. नूतनीकरणाचा चेक माझ्या कपाटात आहे, रक्कम भरलेली, सही न केलेली. ते पत्र आलं की सही करीन आणि इथे गुणही बदलीन.