‘सेन्सर बदललाय, मालक’: कधी न काढलेल्या सेन्सरचे साडेसहा हजार

जुना बीएस-४ (आधीच्या प्रदूषण नियमांचा) ट्रक स्वतः चालवणाऱ्या मालकांसाठी हे लिहितोय. डॅशबोर्डवरची चेक लाईट लागली, स्कॅनरवर बिघाडाचा एक कोड आला आणि त्या एका कोडवर माझ्याकडून साडेएक्कावन्न हजार रुपये उकळले गेले. गॅरेजचं नाव देत नाही. पद्धत सांगतो, कारण ही पद्धत एकाच गॅरेजची नाही.

गाडी २०१८ ची, चौदा फुटी. कोल्हापूरहून गूळ भरून जायचं, भिवंडीहून किराणा घेऊन परतायचं. सपाट रस्त्याला गाडी मस्त पळायची. साताऱ्याकडच्या खंबाटकी घाटाचा चढ लागला की मध्येच लाईट पेटायची आणि पिकअप गायब. मग खालच्या गिअरमध्ये रांगत वर यायचं, मागे हॉर्नचा गोंगाट. चावी बंद करून पुन्हा मारली की थोडा वेळ सगळं ठीक.

हायवेवरच्या त्या गॅरेजात लॅपटॉप जोडला, कोड आला पी-०१९३. “रेल प्रेशर सेन्सर गेलाय, मालक. ओरिजिनल टाकतो.” (रेल म्हणजे नोझलना डिझेल पुरवणारी जास्त दाबाची नळी, सेन्सर तिच्यातला दाब मोजतो.) साडेसहा हजार. पुढच्याच फेरीला घाटात तीच लाईट, तोच कोड. आता निदान बदललं: ईसीएमला, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरच्या डब्याला, मार बसलाय, रिपेअरला पाठवावा लागेल. चौदा हजार. लाईट पुन्हा आली तेव्हा तिसरं निदान: सेन्सर खरं बोलतोय, प्रेशरच बिघडलंय, पंप आणि नोझलचं काम करा. एकतीस हजार. “पक्कं बिल घेतलंत तर वर जीएसटी लागेल,” हे दर वेळी. पावतीवर पेनाने ‘इंजिन काम’, खाली आकडा.

गाडी ताब्यात देतानाचा कार्यक्रम मात्र ठरलेला. माझ्यासमोर कोड डिलीट करायचा, गाडी आवारातल्या आवारात फिरवायची आणि म्हणायचं, “बघा, लाईट नाही.” कशी असेल? कोड पुसला म्हणजे दोष गेला असं नाही, फक्त त्याची नोंद गेली. दोष पुन्हा झाला की नोंद पुन्हा होणार. माझ्या गाडीत तो व्हायला भरलेला माल आणि चढ लागत होता. लोड घेतलं की इंजिन फाउंडेशनवर (ज्या रबरांवर ते बसवलेलं असतं त्यांवर) एका बाजूला कलतं आणि त्याच्यावरून गेलेली वायरिंग ओढली जाते. आवारात रिकामी गाडी फिरवून हे कधीच दिसणार नाही, आणि त्या माणसाला ते ठाऊक नव्हतं यावर माझा विश्वास नाही.

आता कोडचं. पी-०१९३ म्हणजे ‘सेन्सर खराब’ नव्हे. रेल प्रेशर सेन्सरच्या सर्किटमधला व्होल्टेज हवा त्यापेक्षा वर गेलाय, एवढंच तो सांगतो. खाली गेला तर पी-०१९२ येतो. रेलमध्ये प्रेशरच कमी पडलं तर त्याचा कोड वेगळा, पी-००८७. हा शेवटचा माझ्या गाडीत एकदाही आला नव्हता. दर वेळी मी स्क्रीनचा मोबाईलवर फोटो काढत होतो, त्यात तो कुठेच नाही. म्हणजे कोड तारेबद्दल बोलत होता आणि मला पंप-नोझलचं काम विकलं गेलं. नोझल त्यांनी खरंच काढली होती. पाइपांच्या नटांवर पान्याच्या ताज्या खुणा दिसतात. पण त्यांचा या कोडशी काही संबंध नव्हता.

खरा दोष सापडला कराडला, एका म्हाताऱ्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे. दुकान म्हणजे पत्र्याची टपरी. बाबांनी स्कॅनर लावला, कोड वाचला आणि बाजूला ठेवून दिला. मग मल्टिमीटर काढला. या सेन्सरला तीन तारा असतात: पाच व्होल्टचा सप्लाय, अर्थ (अर्थिंगची तार) आणि सिग्नल. कपलर (सेन्सरला तारा जोडणारा प्लग) काढून, चावी ऑन ठेवून त्यांनी सप्लाय आणि अर्थच्या पिनांना मीटर लावला आणि मला म्हणाले, “पोरा, वायरिंग हलव हळूहळू.” एका क्लॅम्पजवळ हात गेला आणि पाचाचा आकडा धाडकन शून्यावर. तिथेच वायरिंग धरून ठेवायला लावून त्यांनी मीटरची काळी पिन थेट बॅटरीच्या निगेटिव्हला टेकवली. आकडा परत पाच. सप्लाय शाबूत, अर्थ तुटलेली. वरचं प्लास्टिक चांगलं, आतला तांब्याचा धागा तुटून नुसता टेकलेला. चढाला इंजिन कललं की तो सुटायचा, अर्थ गेली की सिग्नल वर चढायचा आणि ईसीएम इंजिनची ताकद कापायचा. तुटलेला भाग कापून डाग दिला, वर स्लीव्ह, क्लॅम्प थोडा सरकवला. मजुरी बाराशे. त्यानंतर खंबाटकीला लाईट आलेली नाही.

जाता जाता बाबांनी टॉर्च सेन्सरवर मारला. “हा नवा टाकला म्हणतोस?” सेन्सरच्या षटकोनावरून रेलवर उतरलेली पिवळ्या पेंटची रेघ होती. फॅक्टरीत टाइट केल्यावर अशी खूण मारतात. सेन्सर एकदा जरी फिरवला असता तरी ती रेघ तुटली असती. ती अखंड होती. ईसीएमच्या बोल्टांवरचा गंजही कुणी हलवलेला नव्हता. म्हणजे साडेसहा हजार न काढलेल्या सेन्सरचे आणि चौदा हजार न उघडलेल्या डब्याचे.

मी गॅरेजात जाऊन जुना सेन्सर मागितला. “तो भंगारवाल्याला गेला, मालक.” पेंटचा फोटो दाखवल्यावर सूर बदलला. जुन्या गाड्यांचं असंच असतं, मिस्त्री सोडून गेला, वगैरे. शेवटी म्हणे, ट्रक धंद्याचा आहे, ग्राहक मंचात तुमची केस उभीच राहणार नाही.

हे अर्धंच खरं आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात व्यापारी कामासाठी घेतलेली सेवा बसत नाही. पण स्वयंरोजगार करून केवळ पोट भरण्यासाठी घेतलेल्या आणि स्वतः वापरलेल्या वस्तूचा वापर त्यात व्यापारी धरत नाहीत; सेवेचा उल्लेख मात्र तिथे नाही. तरी एकच गाडी, स्वतः चालवणारा मालक, म्हणून दुरुस्तीलाही तेच लागू व्हावं, हा मुद्दा मांडून बघता येतो. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर जिल्हा ग्राहक आयोगात (ज्याला आधी ग्राहक मंच म्हणायचे) फी लागत नाही, आणि मुदत दोन वर्षांची असते. आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार नोंदवता येते.

अडचण पुराव्याची. ‘इंजिन काम’ या पावतीवरून काही सिद्ध होत नाही. माझ्याकडे आहे ते एवढंच: यूपीआयने गेलेले पैसे, ‘ओरिजिनल सेन्सर बसवला’ हा त्यांचाच व्हॉट्सअॅप मेसेज, कोडचे तारखेसह फोटो आणि ती पिवळी रेघ. सेन्सर मी अजून हलवू दिलेला नाही. तुमची गाडी अशा कामाला टाकणार असाल तर आधी सेन्सर, ईसीएम आणि त्यांवरचे नंबर यांचे फोटो काढून ठेवा, जुना पार्ट परत हवा हे आधीच मेसेजवर लिहून घ्या, आणि कोड निघाल्यावर तारेला मीटर लावून दाखवा म्हणा. मिस्त्री चिडला तर गाडी तिथून काढा.

मी १९१५ वर तक्रार केली आहे. परवा गॅरेजमधून निरोप आला, सेन्सरचे साडेसहा हजार घ्या आणि मिटवून टाका. मी नको म्हणालो. आयोगात द्यायचा अर्ज वकिलाकडे तयार होतोय.